आईची रामापुढची फिर्याद

त्या संध्याकाळी आई घरी आली तेव्हा तिच्या अंगावर कुणाची तरी तपकिरी शाल होती आणि शालीखालची साडी अजून ओलीच होती. थंडीचे दिवस होते. तिच्या केसांना गाळाचा वास येत होता. मी तेव्हा आठवीत होते. आई तिच्या शाळेच्या सहलीला, इगतपुरीकडच्या एका धरणावर गेली होती एवढंच मला माहीत होतं. मी पाणी तापवून दिलं. ती न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाबा कामावरून आल्यावर तिने आम्हा दोघांना समोर बसवून काय घडलं ते सांगितलं.

आई जुन्या नाशकात, एका खासगी संस्थेच्या शाळेत पाचवीला शिकवायची. सहलीचे प्रमुख म्हणून शाळेतले एक वरिष्ठ शिक्षक होते. आमच्या घरात त्यांना नुसतं 'सर' म्हणत, मीही इथे तेच म्हणते. दुपारची जेवणं झाल्यावर एका मुलीला उलट्या होऊ लागल्या. सर आईला म्हणाले, तुम्ही तिला घेऊन बसमध्ये बसा, मुलांकडे मी बघतो. आईने जाता जाता त्यांना सांगितलं की काठाला गाळ आहे, पोरांना पाण्याकडे सोडू नका. पण थोड्या वेळाने संस्थेचे कोणी पाहुणे विश्रामगृहावर आले आणि सर त्यांच्याबरोबर चहाला निघून गेले. आईच्या वर्गातली एक मुलगी हात धुवायला काठावर उतरली आणि घसरली.

पोरांचा गलका ऐकून आई बसमधून धावत आली. तिला पोहता येत नव्हतं, अजूनही येत नाही. ती साडीनिशी छातीभर पाण्यात शिरली, मुलीची वेणी हाताला लागली तशी तिला ओढत काठावर आणली, पालथी घालून पाठ चोळली. बऱ्याच वेळाने मुलगी खोकली. सर पोहोचले तेव्हा ती आईच्या मांडीवर होती.

"वाचली," आई बाबांना म्हणाली. "रामाने लाज राखली." आणि मग ती इतकी थरथरायला लागली की बाबांनी उठून तिच्या अंगावर गोधडी घातली.

मुलीच्या छातीत पाणी गेलं होतं. तिला न्यूमोनिया झाला आणि ती बरेच दिवस दवाखान्यात होती. आई दोनदा तिला बघायला गेली, दोन्ही वेळा तिला दारातूनच परत पाठवलं. का, ते पुढच्या आठवड्यात कळलं. संस्थेने चौकशी बसवली होती आणि सरांनी तिथे सांगितलं होतं की वर्ग बाईंचा होता, बाई न सांगता बसमध्ये जाऊन बसल्या, मी धावत गेलो म्हणून अनर्थ टळला. सरांनी आईला बसकडे पाठवलं ते एका शिक्षिकेने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. चौकशीत तिने मान खाली घातली आणि मला नीट आठवत नाही म्हणाली. आईने तिला कधी बोल लावला नाही. तिची नोकरी नवी आहे, घरी सासूचं आजारपण आहे, असं काय काय ती आम्हालाच समजावून सांगायची.

आई विनाअनुदानित तुकडीवर होती, कायम झालेली नव्हती. तिला काढायला फार काही करावं लागलं नाही. बाबांनी शिक्षण खात्याकडे खेटे घातले. तिथे प्रत्येक वेळी सांगायचे, आधी संस्थेचं म्हणणं येऊ द्या. संस्थेचं म्हणणं म्हणजे सरांचंच म्हणणं. पावसाळ्यापर्यंत बाबा थकले. आई त्यांना म्हणाली, जिथे विचारलं तिथे मी खरं सांगून झालं, आता पुरे.

पण पुरे म्हटल्याने मिटलं नव्हतं. एकदा भद्रकालीच्या भाजीबाजारात आम्ही दोघी मेथी निवडत उभ्या असताना त्या मुलीची आई समोर आली. तिने आईचा दंड धरला. "माझी पोर गेली असती तर काय केलं असतंस तू? बसमध्ये झोपा काढत होतीस ना?" आजूबाजूचे भाजीवाले, गिऱ्हाइकं, सगळे आमच्याकडे बघायला लागले. मला वाटलं आई आता सगळं सांगेल. इतक्या लोकांसमोर सांगायची याहून चांगली संधी कुठली? आईने फक्त विचारलं, "कशी आहे आता ती? खोकला गेला का?" त्या बाईने दंड सोडला आणि तिचं नावसुद्धा काढू नकोस म्हणून निघून गेली.

घरी आल्यावर आईने मेथी तशीच ओट्यावर टाकली आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. आमच्याकडे रामाची एक लहानशी तसबीर आहे, काळारामाच्या देवळाबाहेरून आजोबांनी आणलेली. आई रामाशी अरेतुरेने बोलायची, मोठ्या भावाशी बोलावं तसं. त्या दिवशी तिचा आवाज चढला. मी स्वयंपाकघरात होते, मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"मी ओढून काढलं तिला. तुला माहीत आहे. पण तू एकट्याने माहीत ठेवून काय उपयोग? तिच्या आईला माहीत नको? तो माणूस खोटं बोलून मान वर करून हिंडतो आणि मी भाजी आणायला जायची चोरी. हा न्याय आहे का तुझा?"

मग ती खूप रडली. मी आत गेले नाही. आई देवाशी भांडतेय हे मला नवीन होतं, आणि त्यात मध्ये पडू नये हे मला कसं कोण जाणे कळलं होतं. संध्याकाळी तिने उठून दिवा लावला, तसबिरीवरची धूळ पुसली आणि मेथी निवडायला घेतली.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच आपा आमच्याकडे आल्या. आपा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारी, घरीच शिलाई करणारी शेजारीण. येता-जाता नमस्कार-सलाम व्हायचा, त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. त्या दिवशी त्या आपल्या चौथीतल्या मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बाई, हिला शिकवा, गणित अजिबात डोक्यात जात नाही. आईने आधी पोरीला जवळ बसवलं. मग म्हणाली, "आपा, तुम्ही माझ्याबद्दल ऐकलं नाही का?"

"ऐकलंय ना. सगळ्या गल्लीनं ऐकलंय." आपा कुणी बसा म्हणायच्या आत खाली बसल्या. "पण मी शिलाईच्या मशीनवरून रोज बघते तुम्हाला. स्वतःची पोरगी रस्ता ओलांडताना तुम्ही तिचा हात धरता, बाजूला दुसऱ्याचं लेकरू असलं तर त्याचा पण धरता. ऐकलेलं खरं धरू की बघितलेलं? कल से भेजूँ क्या?"

आईने मान डोलावली. आपांची मुलगी दुसऱ्या दिवसापासून यायला लागली. मग तिची चुलत भावंडं आली, मग आमच्या जिन्याखाली राहणाऱ्या पेठ तालुक्याकडच्या मजूर कुटुंबाची दोन मुलं, मग आणखी कुणी. आमची खोली पुरेना, तेव्हा आपांनी त्यांची पुढची खोली संध्याकाळपुरती रिकामी करून दिली. शिलाईचे कपडे एका कोपऱ्यात, पोरं बाकीच्या जागेत. पेठकडची मुलं हंगाम संपला की गावी जायची आणि पुन्हा आली की आधी आईकडे यायची. एकदा त्यांच्या आईने नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी आणल्या, आईने आणि आपांनी त्या मिरचीच्या ठेच्याशी खाल्ल्या आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटाने. मला आठवतं, सहलीनंतर आई पहिल्यांदा खळखळून हसली ती त्या दिवशी.

इकडे सरांचं सगळं छान चाललं होतं. ते मुख्याध्यापक झाले, नंतर संस्थेचे सचिव झाले. शाळेची नवी इमारत उठली, कोनशिलेवर त्यांचं नाव लागलं. आदर्श शिक्षक म्हणून सत्कार झाला. मुलगा डॉक्टर होऊन परदेशी गेला. त्यांच्या वाढदिवसाला आमच्या चौकात फ्लेक्स लागायचा आणि आई त्याच्या खालून देवळात जायची. बारावीनंतर एका वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमुख पाहुणे तेच होते. मी कुणाची मुलगी हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.

घरी येऊन मी बक्षिसाची ती ढाल पलंगावर फेकली. म्हटलं, नको मला हे. आईने ती उचलून पुसली. "बक्षीस तुझ्या बोलण्याचं आहे. देणारा हात कुणाचा का असेना." मी म्हटलं, तुझा राम झोपलाय. मी काही त्याला आता हात जोडणार नाही. आणि खरंच मी जोडले नाहीत. आईच्या मागे देवळात जायचे ते बंद केलं, घरात आरती चालली की मी गच्चीवर जाऊन बसायचे. आईने मला कधी ओढून आणलं नाही. एकदा गच्चीवर वाळवण उचलायला आली तेव्हा माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, "रागाव तू त्याच्यावर. पाहिजे तेवढी रागाव. परक्यावर कुणी रुसून बसत नाही." आणि पापड घेऊन खाली गेली.

अशी कितीतरी वर्षं गेली. मी शिकले, नोकरीला लागले, गंगापूर रोडच्या बाजूला राहायला गेले. आई-बाबा त्याच गल्लीत राहिले. आईचे गुडघे दुखायला लागले तरी तिचे वर्ग चालूच होते. गेल्या वर्षी एका रविवारी मी तिच्याकडे असताना दारात एक तरुण मुलगी उभी राहिली, बरोबर तिची आई. मी त्या मुलीच्या आईला ओळखलं. भाजीबाजारातला तो चेहरा मी विसरले नव्हते.

मुलगी आत येऊन माझ्या आईच्या पाया पडली आणि खालीच बसून राहिली. म्हणाली, "बाई, माझं लग्न ठरलंय. त्याआधी तुम्हाला भेटायचं होतं. मी कधीची येणार होते."

तिने जे सांगितलं ते असं. पाण्यातलं तिला फारसं आठवत नव्हतं, पण काठावरचं आठवत होतं. तिला शुद्ध आली तेव्हा आई तिच्या तोंडावरचा गाळ पदराने पुसत होती आणि 'श्वास घे बाळा, श्वास घे' म्हणत होती. सर नंतर आले, त्यांचे बूट कोरडे होते. दवाखान्यातून घरी गेल्यावर तिने हे सांगितलं होतं, पण ताप डोक्यात गेलाय म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मोठी झाल्यावर तिने ते पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी लग्न ठरल्यावर तिने हट्टच धरला की पहिली पत्रिका त्या बाईंना, नाहीतर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. तिच्या आईने सहलीतल्या एक-दोन मुलांना शोधून विचारलं. त्यांनाही तेच आठवत होतं. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मुलीची आई दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसली होती. "बाई, त्या दिवशी बाजारात मी..." एवढंच ती म्हणाली.

आई उठली, हळूहळू, गुडघ्यांवर हात टेकत, आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "तुमची पोर दवाखान्यात होती. माझी असती तर मी पण कुणाचा तरी दंड धरला असता." मग ती बाई आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी चहा टाकायला आत गेले, आणि आत जाऊन मीही रडून घेतलं. त्या गेल्यावर आई देव्हाऱ्यापुढे बसली. समईतली वात सारखी करत नुसती बसून राहिली.

लग्न विंचूरला होतं, मुलीच्या गावी, एका लॉन्सवर. बाबांना बरं नव्हतं, म्हणून आईबरोबर मी गेले. मुलीच्या आईने आम्हाला थेट नवरीच्या खोलीत नेलं आणि मुंडावळ्या आईच्या हातात दिल्या. "तुम्ही बांधा," ती म्हणाली. तिथे मावश्या, आत्या सगळ्या होत्या, कुणाला नवल वाटलं असेल तर कुणी दाखवलं नाही. आईने मुंडावळ्या बांधल्या, मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मुलगी डोळे मिटून बसली होती.

बाहेर मंडपात मात्र वेगळंच चाललं होतं. मुहूर्त टळत होता आणि माइकवरून मान्यवरांचे सत्कार होत होते. मुलीच्या काकांनी सरांना बोलावलं होतं. मुलीच्या आईने आम्हाला आधीच सांगितलं होतं, दिरांपुढे माझं चाललं नाही, मनाला लावून घेऊ नका. 'शिक्षणमहर्षी' म्हणून त्यांचं नाव पुकारलं गेलं. फेटा, शाल, टाळ्या. लोक रांगेने त्यांच्या पाया पडत होते. ते अजून ताठ होते, चेहऱ्यावर तुकतुकी होती. मी आईकडे बघितलं. ती अक्षता मुठीत घेऊन नवरी येण्याची वाट बघत होती.

जेवणानंतर ते स्वतःच आमच्याजवळ आले. "बाई ना? ओळखलं मी. किती वर्षांनी!" ते अगदी मोकळेपणाने म्हणाले. "पोरगी बघा कशी गोड दिसतेय. त्या वेळी आपण सगळ्यांनी किती धावपळ केली होती, नाही?"

मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आईने वर बघितलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "मी बसकडे गेले होते, सर. तुम्हीच पाठवलं होतंत. तुम्ही चहाला गेला होतात."

क्षणभर ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. मग मागून कुणीतरी त्यांना हाक मारली, ते हसून "येतो" म्हणाले आणि वळले. त्यांच्या भोवती पुन्हा माणसं गोळा झाली. गाडीपर्यंत त्यांना सोडायला दहा जण गेले.

परतीच्या एसटीत आईला खिडकी मिळाली. बाहेर कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि बस हळूहळू सरकत होती. मी तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग विचारलंच, "त्या माणसाचं काहीच वाकडं झालं नाही. तुला त्याचं काही वाटत नाही?"

"वाटायचं. आधी रोज वाटायचं." आई थोडा विचार करून बोलत होती. "आज त्याच्याकडे बघताना मला वाटलं, याला ते खरंच आठवत नसेल. इतकी वर्षं खोटं सांभाळून तेच त्याचं खरं झालं असेल. मग मला एकदम भीती वाटली. म्हटलं, रामा, याच्याकडे तूच बघ. तुला काय करायचं ते कर, नाहीतर नको करूस. मी विचारणार नाही."

"आणि तुझं?"

"माझं काय? मला कधी एकटी पडू दिलं का त्याने?"

मी वाद घातला नाही. माझी श्रद्धा तिच्याएवढी नाही, आणि ती तशी व्हावी म्हणून आईने कधी काही केलंही नाही. चौकातल्या फ्लेक्सवर तो चेहरा दिसला की मी अजून मान वळवते. न्याय असा असतो का, हे मला अजून कळत नाही. पण हल्ली शनिवारी आईला देवळात सोडायला मी जाते तेव्हा बाहेर रिक्षात थांबत नाही, तिच्याबरोबर आत जाते. ती डोळे मिटून उभी असते, ओठ हलत असतात. मी तिच्या शेजारी उभी राहते. कधी हात जोडते, कधी विसरते.

त्या दिवशी निफाड मागे पडलं तसं आईने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं आणि तिला झोप लागली. नाशकात द्वारका चौकात उतरायचं म्हणून मी तिला उठवलं, तेव्हा तिने आधी पिशवीत हात घालून लग्नातला लाडूंचा पुडा शाबूत आहे ना ते बघितलं. "आपांकडे चल आधी," ती म्हणाली, "त्या वाट बघत असतील. सगळं विचारतील, नवरीची साडी कोणत्या रंगाची होती इथपासून." आणि मी तिचा हात धरून तिला एसटीच्या पायऱ्यांवरून खाली उतरवलं. उन्हं कलली होती. रिक्षावाला भद्रकालीकडे यायला कुरकुर करत होता, तर आई त्याला म्हणाली, बाळा, गुडघे दुखतात रे माझे, आणि तो हसून मीटर टाकून मोकळा झाला.